पुणे जिल्ह्यात पहिल्यांदा गहू करताय? दिवाळी ते शिमगा, सगळं गणित

दर दिवाळीत मला तीन-चार फोन ठरलेले असतात. फोन करणारा हडपसर नाहीतर पिंपरीकडे नोकरीला असतो. गावी वडिलांच्या नावावर दोन-चार एकर रान असतं, सोयाबीन नुकतंच निघालेलं, आणि त्याला यंदा 'घरचा गहू' करायचा असतो. त्याचा पहिला प्रश्न, खत कोणतं टाकू? मी उलट विचारतो, रान मोकळं कधी होणार? आपल्याकडचा गहू खतापेक्षा तारखांवर जास्त येतो आणि नवख्याचं गणित नेमकं तिथेच चुकतं.

मी शिरूर तालुक्यात घोड नदीच्या अंगाला शेती करतो. थोडा ऊस, थोडा कांदा, आणि दरवर्षी दीड-दोन एकर गहू. खाली लिहिलंय ते बागायती गव्हाचं आहे. मावळ-मुळशीच्या भाताच्या खाचरात किंवा पुरंदरच्या हलक्या माळावर काही गोष्टी बदलतील.

आधी कागद

महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा आधीपासून शेतकरी असावा लागतो, कुळकायदाच तसा आहे. त्यामुळे घरात सातबारा नसेल तर खंडाने किंवा वाट्याने रान करणं हा सरळ रस्ता. नात्यातलं रान असलं तरी चार ओळी लिहून ठेवा: पाणीपट्टी कोण भरणार, लाइट बिल कुणाचं, भूस कुणाचं. भुशावरून तुटलेली नाती मी पाहिली आहेत. रान स्वतःचं असेल तर फार्मर आयडी काढून ठेवा आणि पेरणी झाली की ई-पीक पाहणीच्या मोबाइल अॅपवर गव्हाची नोंद स्वतः शेतात उभं राहून करा. रब्बी विम्याचा शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या दीड टक्का असतो. फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीचा अनुभव घेतलेला माणूस तो भरतो.

पहिल्या वर्षी एकच एकर करा. हौस पाच एकरांची असली तरी.

तारीख

गव्हाला थंडी लागते. ती पंजाबात भरपूर मिळते, आपल्याकडे जेमतेम अडीच महिने. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो आणि फेब्रुवारी सरता सरता दुपारचं ऊन तिशी ओलांडून जातं. ओंबीत दाणा भरत असताना ते ऊन लागलं की पीक घाईने पिवळं पडतं आणि दाणा चिमतो. महाराष्ट्राचं सरासरी उत्पादन पंजाबच्या निम्म्यालाही पोचत नाही, त्यामागचं मोठं कारण हेच.

म्हणून बागायती गहू १ ते १५ नोव्हेंबरच्या दरम्यान जमिनीत गेला पाहिजे. त्यानंतर प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी साधारण अडीच क्विंटल, म्हणजे एकरी एक क्विंटल कमी धरायचा. उशिराची पेरणी १५ डिसेंबरपर्यंत चालवून घेता येते. तीही उलटली तर गव्हाचा नाद सोडा, चाऱ्याचा मका करा.

हे मी शिकलो ते नुकसानीतून. पहिल्या वर्षी उसाच्या रानात गहू करायचं ठरवलं होतं. ऊसतोडीची टोळी आज येते, उद्या येते करत डिसेंबरच्या मध्यावर आली. पाचट काढून, नांगरून, पेरायला २२ तारीख उजाडली. आबा, म्हणजे माझे चुलते, बांधावर उभं राहून म्हणाले, "अरे, गव्हाला थंडी दाखवायची असते, तू शिमगा दाखवणार." पीक दिसायला झकास होतं. एकरात जेमतेम सहा क्विंटल निघाला, त्यातही दाणा असा की चाळणीतून निम्मा खाली. तेव्हापासून गव्हाचं रान मी सोयाबीननंतरचंच धरतो. ते वेळेत मोकळं होतं आणि आधी शेंगवर्गीय पीक असल्याने जमीनही बरी राहते.

वाण

दुकानदार जे पुढे करेल ते उचलू नका. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं गहू संशोधन केंद्र निफाडजवळ कुंदेवाडीला आहे. तिथले त्र्यंबक, तपोवन, फुले समाधान हे सरबती, म्हणजे चपातीच्या गव्हाचे वाण आपल्या भागात चांगले येतात. फुले समाधान वेळेवर आणि उशिरा, दोन्ही पेरण्यांना चालतो, त्यामुळे नवख्याला मी तोच सुचवतो. पाणी एक-दोनच मिळणार असेल तर नेत्रावती. शेवया-कुरडयांचा बन्सी गहू हवा असेल तर गोदावरी.

पुण्याचा स्वतःचा गहूही आहे, हे पुणेकरांनाच ठाऊक नसतं. आघारकर संशोधन संस्थेने काढलेल्या वाणांच्या नावात 'एमएसीएस' असतं. १९४६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या तिच्या मातृसंस्थेची ती आद्याक्षरं. एमएसीएस ६२२२ आणि ६४७८ हे त्यांचे बागायती वाण, आणि त्यांचं प्रयोगक्षेत्र बारामती तालुक्यात होळला आहे. जाता जाता, 'लोकवन'मधलं वन जंगलाचं नाही. गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारतीत निघालेला 'लोक-१', तोच इंग्रजी एक आपल्या तोंडी वन झाला.

खपली गव्हाचा मोह पहिल्या वर्षी टाळा. भाव चांगला मिळतो, पण मळणीनंतरही दाण्याला साल घट्ट चिकटून राहते, ती काढायला वेगळी गिरणी लागते आणि ती जवळ नसली की पोती घरात पडून राहतात.

बियाणं विद्यापीठाच्या विक्री केंद्रातून, महाबीज या सरकारी बियाणे महामंडळाकडून किंवा बारामती-नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या. गव्हात परागीभवन फुलातल्या फुलात होतं, त्यामुळे एकदा चांगलं बियाणं आणलं की दोन-तीन वर्षं घरचं वापरता येतं.

वाफसा ओळखणं

गहू करणाऱ्याच्या अंगी एकच कसब हवं असेल तर मी वाफसा, म्हणजे जमिनीतली पेरणीजोगी ओल, ओळखणं म्हणेन. रान नांगरून, कुळवाच्या दोन पाळ्या देऊन, एकरी चारेक टन चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून झालं की पेरणीआधी पाणी द्यायचं. ही ओलवणी. मग थांबायचं. किती दिवस? भारी काळ्या रानात आठ-दहा, मध्यम रानात पाच-सहा. पण दिवस मोजून कुणी पेरत नाही. सकाळी रानात जाऊन चार बोटं खोल माती उकरा, मूठभर घेऊन दाबा. गोळा झाला पाहिजे, पण हाताला चिखल लागता कामा नये. तो गोळा कमरेइतक्या उंचीवरून सोडा. थापटीसारखा पसरला तर रान अजून ओलं आहे. पडून तीन-चार तुकडे झाले तर पेरा. गोळाच झाला नाही तर तुम्ही उशीर केलात.

कोरड्यात पेरून वरून पाणी सोडणारे पुष्कळ आहेत. वेळ वाचतो हे खरं, पण भारी रानात वर पापडी धरते आणि कोंब खालीच वळून मरतो. मी ते करत नाही.

बियाणं किती आणि किती खोल

आधी उगवण तपासा, विशेषतः घरचं बियाणं असेल तर. मोजून शंभर दाणे, ओलं गोणपाट, त्यावर दाणे ओळीत मांडून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. सहाव्या दिवशी उलगडून मोजा. ८५ किंवा जास्त उगवले तर एकरी ४०-५० किलो पुरे. ७० उगवले तर त्या हिशोबाने दहा किलो वाढवा. त्याहून कमी असेल तर त्या पोत्याची चपाती बरी.

पेरणीच्या आदल्या दिवशी बियाण्याला थायरम किलोला तीन ग्रॅम चोळा. पेरायच्या आधी अॅझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत, दोन्ही किलोला २५ ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून लावा आणि सावलीत सुकवा. हातमोजे घाला.

वेळेवरच्या पेरणीत दोन ओळींत २० सेंटिमीटर, उशिराला १८. खोली पाच-सहा सेंटिमीटर, म्हणजे तर्जनीची दोन पेरं. बुटक्या वाणांचा कोंब फार लांब वाढू शकत नाही, त्याहून खाली दाणा गेला की तो जमिनीबाहेर येतच नाही. ट्रॅक्टरवाल्याला घाई असते आणि फण खोल गेल्यावर त्याला पेरणी छान झाल्यासारखी वाटते. त्याच्या मागून चाला. प्रत्येक फेरीला माती उकरून दाणा कुठे आहे ते बघा. तुमच्याकडे बघून तो हसेल, हसू द्या.

पेरणीयंत्रातून बी नेमकं किती पडतं, हे फार थोडे लोक तपासतात. सोपं आहे. नऊ फणांचं यंत्र, वीस सेंटिमीटरची ओळ, म्हणजे रुंदी १.८ मीटर. नळ्यांना पिशव्या बांधा आणि यंत्र नेहमीच्या वेगाने बरोबर साडेबावीस मीटर चालवा. झालं एक एकराचा शंभरावा भाग. पिशव्यांतलं बी एकत्र करून किराणा दुकानाच्या काट्यावर तोला. ४५० ग्रॅम भरलं तर एकरी ४५ किलो पडतंय. मी पहिल्यांदा तोललं तेव्हा ७०० ग्रॅमच्या वर भरलं होतं. दाट पेरलेला गहू डिसेंबरात देखणा दिसतो आणि फेब्रुवारीत लोळतो.

पेरणीनंतर उताराच्या दिशेने आठ-दहा फूट रुंदीचे सारे, म्हणजे दोन्ही बाजूंना मातीचे वरंबे असलेले लांब पट्टे, पाडून घ्या. पाणी भरणं पुढे किती सोपं जाणार, ते सारे किती सरळ पडले त्यावर ठरतं.

खत

वेळेवरच्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश अशी शिफारस आहे. एकराच्या भाषेत पेरताना डीएपीची एक ५० किलोची गोणी, पोटॅश २५ किलो, युरिया ३०-३३ किलो. पुढे पहिल्या पाण्याच्या वेळी युरिया ५० किलो. युरियाची गोणी आता ४५ किलोची येते, हे हिशोबात धरा. माती तपासलेली असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करा. युरिया आणि बी पेरणीयंत्राच्या एकाच चाड्यात (बी ओतायच्या पेटीत) मिसळून पेरू नका. एवढंच. यापेक्षा जास्त युरिया टाकला तर हिरवाई, मावा ही कीड आणि लोळणं, तिन्ही एकदम येतात.

पाणी

आता खरं काम. पेरणीनंतर विसाव्या दिवशी खुरपं घेऊन एक रोप मुळासकट काढा आणि बादलीत हळूच धुवा. तळाशी जुना दाणा आणि त्याला बारीक मुळ्या दिसतील. त्याच्या वर, जमिनीच्या पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटर खाली, एक गाठ असते आणि तिथून तांदळाच्या कणीसारखे पांढरे कोंब बाहेर पडत असतात. ही मुकुटमुळं. पुढे सगळं रोप याच मुळांवर उभं राहणार असतं आणि फुटवेही याच गाठीतून येतात. त्या वेळी वरची माती कोरडी असेल तर मुळं आत शिरत नाहीत, वाळतात. म्हणून १८ ते २१ दिवसांचं पाणी चुकवायचं नाही. एकदा डोळ्यांनी ती गाठ पाहिली की हा आकडा पाठ करावा लागत नाही.

पुढची मोक्याची पाणी: कांडी धरताना ४०-४५ दिवसांनी, फुलोऱ्याला ६०-६५ दिवसांनी, दाणा भरताना ८०-८५ दिवसांनी. मधली पाणी रानावर ठरतात. भारी रानाला अठरा-वीस दिवसांचं अंतर चालतं, हलक्याला बारा-पंधरा. विहीर आटत असेल तर शिफारस अशी: एकच पाणी असेल तर ४०-४२ दिवसांनी, दोन असतील तर २०-२२ आणि ६०-६५, तीन असतील तर २०-२२, ४०-४२ आणि ६०-६५. कालव्याखाली असाल, मग तो नीरा डावा असो, मुठेचा असो की कुकडीचा, तर आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी सुटणार याचा अंदाज पाटकऱ्याकडून (कालव्याचं पाणी सोडणाऱ्याकडून) घेऊनच पेरणीचा दिवस धरा.

कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात थ्री-फेज लाइट एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची असते आणि एकविसावा दिवस हमखास रात्रपाळीत येतो. डिसेंबरातली रात्र, पायात गमबूट, कानाला मफलर, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात फावडं. एका साऱ्याच्या टोकाला पाणी पोचलं की दारं मोडून पुढच्या साऱ्याला वळवायचं. यालाच दारं धरणं म्हणतात. टोकाला पाणी पोचलं की नाही हे अंधारात दिसत नाही, ऐकू येतं: कोरड्या मातीत शिरणाऱ्या पाण्याचा बारीक चरचर आवाज थांबतो आणि सारा तुडुंब झाला की चुळचुळ ऐकू येते. दोन हंगामांत कान तयार होतात.

आणि बिबट्या. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात ही दंतकथा नाही. उसाला लागून गहू असेल तर रात्री एकट्याने दारं धरायला जाऊ नका. दोघं जा, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावा, उजेड हलता ठेवा, उसाच्या कडेला वाकून किंवा बसून काम करू नका. आमच्या वस्तीवर आता त्या आठवड्यात शेजारी-शेजारी मिळून पाळ्या लावतात. माझं पाणी असताना तो येतो, त्याचं असताना मी.

ओंब्या भरल्यावर एक पथ्य. संध्याकाळी वारं सुटलं असेल तर पाणी देऊ नका. ओली जमीन, जड ओंबी आणि वारा एकत्र आले की सकाळी पीक आडवं झालेलं सापडतं. दाणा कडक होऊ लागला की पाणी बंद.

तण, रोग, कीड

पंचवीस-तीस दिवसांनी एक खुरपणी पुरते. चंदनबटवा भरपूर येतो, कोवळा असताना त्याची भाजी होते. मजूर मिळत नसतील तर रुंद पानांच्या तणाला फवारणी करतात, पण २,४-डी वापरणार असाल तर आधी शेजारी द्राक्षबाग नाही ना ते बघा. वाऱ्याने उडालेला फवारा वेलीची पानं वाकडी करतो आणि मग शेजाऱ्याशी बोलणं बंद होतं.

तांबेऱ्यासाठी जानेवारीत पांढरा शर्ट घालून पिकातून एक फेरी मारा. बाह्यांना नारिंगी भुकटी लागली तर कृषी सहायकाला (आता त्याला सहायक कृषी अधिकारी म्हणतात) गाठा. मावा दिसला की लगेच पंप पाठीला लावू नका. ढालकिडे बरेचदा त्याला पुरेसे असतात. उंदरांची बिळं बांधावर असतात, ती पेरणीआधीच बुजवा.

कापणी

११० ते ११५ दिवसांत पीक येतं. त्याआधी, दाणा चिकातून घट्ट होत असताना, हिरव्या ओंब्या आगटीवर भाजून तळहातावर चोळून खायच्या. हे काम गाइडमध्ये नसतं, मी घातलं. पक्व दाणा दाताखाली कटकन वाजतो. अगदी कडकडीत वाळेपर्यंत थांबू नका, दाणे गळतात.

मार्चमध्ये पंजाब-हरियाणाकडचे हार्वेस्टर आपल्याकडे फिरत असतात. शेजारच्या चार-पाच जणांची रानं एकदम तयार ठेवली तरच तो आत वळतो, एका एकरासाठी येत नाही. त्याने काढलं की भूस रानातच पसरतं. जनावरं असतील तर विळ्याने कापून, पेंढ्या बांधून मळणीयंत्रावर काढणं अजूनही परवडतं. मळणीयंत्रापाशी सैल बाही, पदर, ओढणी, हातातलं कडं काही नको. पेंढी अडकली तर हाताने आत ढकलायची नाही, यंत्र बंद करायचं. आमच्या भागात मनगटापर्यंत हात गेलेली माणसं आहेत. राहिलेलं काड पेटवू नका, रोटाव्हेटरने मातीत घाला.

विकायचा कुठे

नवख्याने पहिल्या वर्षी एकरी दहा-बारा क्विंटल धरावा. सगळं जुळलं तर पंधरा-अठरापर्यंत जातो. २०२५-२६च्या खरेदी हंगामासाठी केंद्राचा हमीभाव क्विंटलला २४२५ रुपये होता, २०२६-२७साठी २५८५. पण आपल्याकडे गव्हाची सरकारी खरेदी पंजाबसारखी होत नाही, तेव्हा तो आकडा फक्त मनात ठेवायला. गुलटेकडीच्या भुसार बाजारात तुमच्या दहा पोत्यांची गाठ मध्य प्रदेशातून आलेल्या सिहोर गव्हाच्या ट्रकांशी पडते.

त्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू भरणारी घरं पुण्यात अजून आहेत. स्वच्छ चाळून, खडे-काड काढून तीस किंवा पन्नास किलोच्या गोण्या भरा. आधी पाच किलोचा नमुना द्या. चपाती दुपारच्या डब्यात मऊ राहिली तर ऑर्डर येते, एवढंच त्यांचं परीक्षण असतं. भाव फोनवर ठरवा, लिफ्टपाशी नाही. मी हडपसरच्या एका सोसायटीत सहा वर्षं गहू देतोय, तिथे माझं नाव कुणाला माहीत नाही, 'गहूवाले काका' एवढंच.

साठवणीचा गहू दोन-तीन कडक उन्हं दाखवून वाळवा आणि पूर्ण थंड झाल्यावरच भरा, गरम भरला की सोंडे होतात. वाळलेला कडुनिंबाचा पाला थराथरात घाला. घरात विषारी गोळ्या ठेवू नका. आणि पुढच्या वर्षाचं बियाणं, रानाच्या मधल्या उत्तम भागातलं, वेगळ्या गोणीत भरून त्यावर ठळक अक्षरात वाण, तारीख आणि 'बियाणं' असं लिहा. आमच्याकडे एकदा लिहायचं राहिलं आणि आईने पन्नास किलो त्र्यंबक गिरणीत पाठवून दिला. चपात्या मात्र सुरेख झाल्या होत्या.